थोरलीच्या हातचं पाणी

प्रयोगशाळेत त्या दोघींना सगळे जावा-जावाच म्हणत. थोरली मिठाचं पाणी कालवायची, धाकटी त्या कोमट पाण्यात हृदयाची पट्टी टांगायची. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेल्या स्नायूची दोऱ्याएवढी पट्टी. एक टोक आकड्यात, दुसरं जोर मोजणाऱ्या तारेला. विजेचा चिमटा बसला की पेशींत कॅल्शियम शिरतं, आतले धागे एकमेकांना धरून ओढतात. कॅल्शियम पेशीतल्या आपल्या कोठारात परतलं की सुटतात. पट्टी टांगताना धाकटी गुणगुणायची,

ओढीन गं दोर, सोडीन गं दोर,
सोडल्यावाचून कुठला ओढण्याला जोर?

नव्या औषधाचं नवल असं, की कॅल्शियम तेवढंच ठेवून पट्टी दुप्पट जोराने ओढायची. आता ते माणसांना द्यायचं ठरलं होतं, आणि पहिल्या रुग्णांत धाकटीची आई होती. दोन पायऱ्या चढली की धापा टाकणारी. तिचं नाव थोरलीनेच पुढे केलं होतं. तुझी आई ती माझी आई, म्हणाली होती.

एक दिवस थोरली तापाने घरी राहिली, म्हणून धाकटीने पाणी स्वतःच कालवलं. औषध घातलं. पट्टी आपली होती तशीच. आपलाच हात चुकला असेल म्हणून तिने स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि दुसरी पट्टी टांगली. तीही ढिम्म. मग थोरलीच्या बाटलीतलं उरलेलं औषधाचं पाणी ओतलं, आणि पट्टीने असा हिसका दिला की पडद्यावरची रेघ उसळली.

पण उसळलेली रेघ खाली मूळ जागेवर येईना. पट्टी ओढत होती, पुरती सोडत नव्हती. हे औषधाचं लक्षण नव्हे, हे जास्तीच्या कॅल्शियमचं. धाकटीने शेजारच्या कॅल्शियम मोजणाऱ्या यंत्रात बाटलीतल्या पाण्याचे थेंब घातले. यंत्राने तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी थोरली कानाला रुमाल बांधून आली. टेबलावर बाटली दिसताच खुर्चीत बसली. प्रयोगशाळेचे मोठे साहेब घाई करत होते, पहिल्यांदा कॅल्शियम थोडंसंच घातलं, मग थांबताच येईना, असं बरंच काही सांगत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "अपाय तर काही नाही गं त्या औषधाचा."

"आणि उपाय?"

थोरलीने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"आईचं नाव घालताना तुला ठाऊक होतं?"

"तू इतकी आशेवर होतीस," थोरली म्हणाली. "नको कशी म्हणणार होते?"

इतकी वर्षं धाकटी तिच्यासोबत एका डब्यातलं खात आली होती. ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि आईला फोन लावला. ते औषध आपल्याला घ्यायचं नाही, एवढंच सांगितलं.

आई म्हणाली, "थोरलीला विचारलंस का? तिला जास्त कळतं."

"तिलाच विचारलं, आई."

फोन ठेवून ती आत आली, थोरलीसमोरची बाटली उचलली आणि मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाली.