दोनदा मोजले

या, अशा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावे. गोष्ट बेडकांची आहे, पण रागाची आहे, आणि रागाची गोष्ट लांबून ऐकली की नुसती आरडाओरड वाटते. हसू नका. ज्याने कोकिळेचा गळा घडवला त्यानेच बेडकाचाही घडवला, आणि कोणाला कमी लेखून घडवला नाही.

एका प्रयोगशाळेत बापलेक कामाला होते. बाप तळमजल्यावर बेडूक सांभाळायचा. टाक्या घासायच्या, पाणी बदलायचे, किडे चारायचे. त्याला सगळे कानकाका म्हणत, कारण टाकीत न डोकावता, नुसत्या आवाजावरून, कोण उपाशी आणि कोण आजारी ते तो सांगे. लेक वरच्या मजल्यावर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशींतली गुणसूत्रे मोजायची. जिवाचा सगळा वारसा ज्या धाग्यांवर गुंडाळलेला असतो, ते धागे. म्हणून ती मोजणीबाई. वशिल्याची म्हणून कोणी बोट दाखवू नये, यासाठी पहिल्या दिवसापासून ती बापालाही इतरांसारखे काकाच म्हणे. घरी बाबा, फाटकाच्या आत काका. आठ वर्षांत जीभ एकदाही घसरली नव्हती.

टाक्यांमध्ये झाडावर राहणारे राखाडी बेडूक होते, दिसायला एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे असे. सगळे एकाच जातीचे, असे साहेबांनी लिहून ठेवले होते. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी लिहिले की ती काळ्या दगडावरची रेघ.

कानकाका म्हणू लागला की सात नंबरची टाकी निराळी आहे. बाकीच्यांची लय द्रुत, हिची ठाय. साहेबांनी त्याला समजावले की सात नंबर खिडकीशी आहे, आणि गारठ्यात बेडूक सावकाशच ओरडतो. ते खोटे नव्हते. म्हणून काकाने एका सकाळी कोणाला न विचारता सात नंबर उचलून आतल्या उबेत, चार नंबरच्या शेजारी आणून ठेवली. आठवडाभर झाकणावर बोटाने ठेका धरून त्याने दोन्हीकडचे ठोके मोजले. ऊब तीच, पाणी तेच, आणि तरी सात नंबरची लय चारच्या जवळजवळ निम्मी. वर सात नंबरची मादी चारच्या गाण्याकडे ढुंकूनही पाहीना.

याचे बक्षीस काय मिळाले? विनापरवानगी टाकी हलवली म्हणून काकाची बदली बाटल्या धुण्याच्या खोलीत. कान हीच ज्याची विद्या, त्याला दिवसभर नळाच्या खळखळाटात उभा केला.

घरी तो लेकीला एवढेच म्हणाला, “मी ऐकलंय. आता तू मोज.”

तिने सात नंबरच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या शेपटीचे शेंडे घेतले, रंगवले, काचपट्टीवर पसरले. या बेडकांची गुणसूत्रे चोवीस. तिने मोजली, अठ्ठेचाळीस भरली. तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. दहा पिल्ले, दहा काचपट्ट्या, दहाही वेळा अठ्ठेचाळीस. तिने वहीत तसे लिहिले.

गुरुवारी सकाळी साहेबांकडून वही परत आली. अठ्ठेचाळीसवर लाल काट, शेजारी दोन शब्द: दोनदा मोजले. आणि खाली, सात नंबरची टाकी दूषित, उद्या रिकामी करावी.

रिकामी करणे म्हणजे काय, ते त्या इमारतीत सगळ्यांना माहीत होते. पाण्यात औषध, आणि मग कचऱ्याचा डबा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक आख्खे कूळ कचऱ्यात जाणार, आणि कशापायी? तर दुप्पट दिसले की यांना मोजणाऱ्याचीच चूक दिसते. चूक झालीच होती, पण ती हजारो वर्षांपूर्वी, एखाद्या अंड्यात. गुणसूत्रांचा सगळा संच दुप्पट होऊन बसला. अशी पिल्ले बहुतेक मरतात. एखादे तगते. मग घरात एकसारख्या दोन चादरी असाव्यात तसे होते: एक अंथरायची, दुसरी फाडून काय नवे शिवता येते ते बघायचे. पेशी मोठी होते, गाणे संथ होते, संथ गाण्याला संथच जोडीदार मिळतो आणि वंश वेगळा निघतो. देवाला चुकीचेही सोने करता येते. साहेबांना त्या चुकीवर फक्त काट मारता आली.

तिने मायक्रोस्कोप दोन्ही हातांनी कवटाळला, जिना उतरली आणि साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या उरावर, आणून ठेवला. शेजारी बोटाने दाबायचे मोजयंत्र ठेवले.

“बसा आणि मोजा.”

साहेबांनी मीटिंगचे निमित्त सांगितले. मग टोमणा मारला, “बाप बेडकांचा गवई, लेक त्यांची मुनीम. छान चाललंय घरचं.”

“मोजा.”

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते बसले. टिक, टिक, टिक. चोवीस झाले आणि त्यांनी भिंगावरून डोळा काढला.

“झाले की चोवीस.”

“अर्ध्यावर उठलात. पुढे मोजा.”

अठ्ठेचाळीसला यंत्र थांबले. साहेब म्हणाले की दोन पेशी एकीवर एक पडल्या असतील. तिने दुसरी काचपट्टी सरकवली. मग तिसरी. दहाही वेळा पेशी नेमक्या जोडीनेच पडतात का, आणि त्याही फक्त सात नंबरच्याच, एवढे तिने विचारले. सहाव्या पट्टीला साहेबांचा अंगठा दुखू लागला, आणि घमेंडही.

“हे तुला सुचलं कसं?” त्यांनी हळूच विचारले.

“मला नाही सुचलं. बाबांना ऐकू आलं.”

दारातला कारकून वळून पाहू लागला. फाटकाच्या आत तो शब्द पहिल्यांदाच उमटला होता.

शुक्रवारी टाकी रिकामी झाली नाही. वर्षाने शोध छापून आला. साहेबांचे नाव पहिले, तिचे चौथे, आणि शेवटी बारीक अक्षरांत तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार. कोण कर्मचारी? कसले आभार? ती तो अंक मुठीत चुरगाळत बाटल्यांच्या खोलीत गेली. बाबांचे हात साबणात होते. तिने सगळे भडाभडा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “सात नंबर गातायत ना?”

“गातायत.”

त्यांनी नळ बंद केला, मान कलती केली आणि भिंतीपलीकडे कान लावला. बोट आपोआप बादलीवर ठेका धरू लागले. ठाय लय.

तिचा राग मात्र गेला नाही. जाऊही नये.

म्हणून तुमच्याजवळ एक मागणे. कुठल्याही डबक्याकाठी दोन बेडूक ऐकू आले, एक घाईत आणि एक निवांत, तर क्षणभर थांबा, आणि नळ बंद करून ऐकणाऱ्या त्या माणसाची आठवण काढा. छापणाऱ्यांनी काढली नाही.