पाठीमागचा हात

दातांच्या कवळ्या करण्यात कवळीवाल्याची चाळीस वर्षं गेली. खोट्या दातांवर संसार उभा केलेल्या माणसाला खोट्याचं काय वाटायचं, असं कुणीही म्हणेल. पण बाहेर सरळ असलेला हा माणूस नेमका एकाच जागी खोटं बोलला, आणि ती जागा म्हणजे त्याची थोरली बहीण.

आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती, हा पाच वर्षांचा. ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं. त्या घरात भिंतीवर एका जुन्या, नावाजलेल्या चित्राची छापील प्रत होती. खिडकीतून तिरपं ऊन आलंय, टेबलाशी बसून एक बाई संत्रं सोलतेय आणि मागं दारात एक मुलगी उभी आहे. मुलीच्या एका हातात सुरई, दुसरा हात पाठीमागं. हा जेवायला कुरकुरला की ताई विचारायची, "सांग बघू छोट्या, तिनं मागं काय लपवलंय?" कधी मांजराचं पिल्लू निघायचं, कधी किल्ली. शेवटी दोघांचं एकमत झालं: संत्र्याची फोड. चोरलेली.

काम सोडल्यावर कवळीवाल्याला नवाच नाद लागला. जुनं चित्र घ्यायचं आणि ते वीतभर खोल पेटीत उभं करायचं. मेणाची माणसं, लाकडाची टेबलं, खरी कापडं, समोर काच आणि भोवती चौकट. हत्यारं तीच, दात कोरायची. बघता बघता गिऱ्हाइकं रांग लावू लागली.

तेव्हा ताई म्हणाली, "आपलं ते संत्र्याचं चित्र कर की रे. डॉक्टर म्हणतात, डोळे फार तर तीन वर्षं साथ देतील. दिसतंय तोवर बघून घेते."

"महिन्याभरात करतो," तो म्हणाला. म्हणाला ते मनापासून.

पण बाहेरचं काम आधी आणि घरचं मागून, असंच होत गेलं. दर रविवारी तो ताईकडे जायचा आणि ती विचारायची, "कुठवर आलं?" पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "टेबल झालं." लाकडाचा तुकडासुद्धा कापला नव्हता. पुढच्या खेपेस खुर्ची झाली, मग खिडकी. एका रविवारी ताईनं ओतलेला चहा कपाच्या बाहेर गेला. ते बघून तिला खूष करायला तो म्हणाला, "ताई, मुलीचा मागचा हातपण केलाय. त्यात फोड आहे. समोरून कुणाला दिसायची नाही. आपल्या दोघांतच."

ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

शेजारची शिंपीण तिला चिडवायची, "तीन वर्षं झाली, अजून त्या बाईचं संत्रं सोलून होईना? वाळलं असेल एव्हाना!"

"माझा भाऊ दात बसवणारा आहे," ताई म्हणायची. "घाईत बसवलेला दात टोचतो, बाई."

हे तो समोर बसून ऐकत होता. टोचत होतं ते त्यालाच.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. आवाज अगदी रोजचा. "अरे, आज खिडकी कुठल्या बाजूला आहे तेच कळेना."

त्या दिवसापासून त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. चाळीस दिवसांत पेटी पुरी केली, आणि केलीही अशी देखणी की आजवर तशी जमली नव्हती. ह्या कामाची रीतच अशी, की खोली खोल दिसावी म्हणून जमीन मागं चढती ठेवायची, टेबल उतरतं, खुर्चीचे मागचे पाय तोकडे. माणसं समोरून घडवायची आणि पाठीशी पोकळ सोडायची. तिकडून बघणार कोण? डोळ्यांसाठी शिकलेले हात, ते डोळ्यांसाठीच राबले. पाठीमागचा हात त्याला आठवलासुद्धा नाही. खोटं बोलणारा बोलून मोकळा होतो. जपून ठेवतो तो ऐकणारा.

ताईनं पेटीवर हात ठेवला. "काच आहे रे."

त्याचा चेहरा उतरला. स्क्रू काढून त्यानं काच बाजूला केली. ताईनं आधी वास घेतला. "रंग ओला आहे?"

"शेवटचा हात परवाच मारला."

तिची बोटं आत शिरली. "टेबल घसरतंय. खुर्ची लंगडी आहे का?"

"समोरून बरोबर दिसतं, ताई."

"असेल." बोटं बाईच्या केसांवरून दारापाशी गेली. सुरई सापडली. मग ताई ओठांतल्या ओठांत हसली, लहानपणी जेवताना हसायची तशीच, आणि तिनं बोट हलकेच मुलीच्या पाठीमागं नेलं.

तिथं पोकळी होती.

बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. वर बसलेला सगळं बघतो हे कवळीवाल्याला ठाऊक होतं, पण त्याचं बघणं निदान मुकं असतं. ताईचं बोट विचारत होतं.

"फोड पडली का रे कुठं?" तिनंच त्याला वाट करून दिली.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "हातच केला नव्हता, ताई. काहीच केलं नव्हतं. तीन वर्षं तुला नुसतं सांगत आलो. हे सगळं तुझे डोळे गेल्यावरचं आहे."

ताईनं हात पेटीतून बाहेर घेतला. मग म्हणाली, "मी रोज बघत होते रे ते. तू सांगितलंस तसं." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन तिच्याच टेबलाशी येऊन बसला. जमीन सपाट केली, खुर्चीला चार पाय सारखे दिले, बाईला पाठ दिली, पाठीवर वेणी दिली. शिंपीण डोकावली. "अहो, आता तर सगळी खोली आडवीतिडवी दिसायला लागली!"

"दिसू दे," तो म्हणाला.

सगळ्यात शेवटी हात झाला. तांदळाएवढी फोड त्यानं मुठीत बसवली आणि ताईचं बोट तिथं टेकवलं. ती हसली, पण डोळ्यांत पाणी येईस्तोवर नाही.

"रंग कसा दिलास? पिकलेली दिसतेय ना?"

फोड अजून पांढऱ्या मेणाचीच होती. तिला कधीही कळलं नसतं.

"अजून दिला नाही, ताई."

"मग दे की," ताई म्हणाली आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. "बसलेय मी."