विहीणबाईंची तीन तऱ्हेची वाक्यं

विहीणबाईंनी इंग्रजी शिकवा म्हणून गळ घातली, तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं. चौतीस वर्षं शाळेत तेच केलं, आता पुरे झालं होतं. शिवाय माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, आणि विहिणीवर ओरडायचं म्हणजे लेकाच्या संसारात बिब्बा घालायचा. पण बाईंची निकडच तशी होती. बावीस वर्षं त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना फक्त बाह्या लावल्या. आता शिवणशाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. तिथल्या मुली नाना भाषांच्या, म्हणून शिकवायचं इंग्रजीतून. आणि निवडीआधी पंधरा मिनिटांचा धडा घेऊन दाखवायचा. विहीणबाई हिंदी बोलणाऱ्या, मराठी शिकल्या त्या आमच्या जिन्यात गप्पा मारून. इंग्रजी मात्र कोरी पाटी.

"पुढच्या वर्षी माझं वय बसणार नाही," त्या म्हणाल्या. "मला शिकवायचंय हो. आता नाही तर कधीच नाही."

मग रोज दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलाशी आमचा वर्ग भरू लागला. नियम शाळेतलेच: पाठ ताठ, हाताची घडी, नजर माझ्याकडे. वाक्यांचे तीन प्रकार मी समजावून दिले. एकच गोष्ट सांगणारं ते साधं, दोन बरोबरीची वाक्यं जोडलेलं ते संयुक्त, आणि एक मुख्य नि दुसरं त्याच्या आधाराने उभं राहणारं ते मिश्र. विहीणबाईंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, म्हणजे साधं वाक्य ही एक बाही, संयुक्त म्हणजे जोडी, आणि मिश्र म्हणजे शर्टाला लावलेली बाही. शर्टच नसेल तर ती बिचारी लोंबकळणार कुठे? चौतीस वर्षांत इतकं चोख उत्तर मला एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

वहीसुद्धा देखणी. पण तोंड उघडायची वेळ आली की घोडं अडायचं. हिंदीत काय नि मराठीत काय, क्रियापद आपलं निवांत शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ लागतं. त्या 'आय द स्लीव्ह' इथवर यायच्या आणि थबकायच्या. मी टेबलावर बोटं वाजवायचे, की त्या आणखी गप्प. तिसऱ्या आठवड्यात माझा तोल सुटला. हे तुमच्याच्याने व्हायचं नाही, धडा कागदावर लिहा आणि वाचून दाखवा, असं मी बोलून गेले. त्यांनी वही मिटली आणि खालच्या मजल्यावर आपल्या घरी निघून गेल्या. रात्री सूनबाईने माझ्यापुढे ताट अशा आवाजात ठेवलं, की काय झालं ते विचारायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्याच नाहीत. परीक्षा चार दिवसांवर आली होती. शेवटी मीच खाली गेले. माफी मागायला गेले असं म्हणणार नाही; तो नाद सोडा, हे जरा गोड शब्दांत सांगायला गेले.

दार उघडं होतं. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून अर्धवट शिवलेल्या शर्टाला बाही टाचत होत्या आणि बोलत होत्या. चक्क इंग्रजीत, समोर कुणी नसताना. "आय पिन द टॉप. आय टर्न द शर्ट अँड आय पिन द साइड्स. व्हेन द स्लीव्ह इज फ्लॅट, यू कॅन स्टिच." साधं, संयुक्त, मिश्र, तिन्ही ओळीने आणि बिनचूक. माझी चाहूल लागताच त्यांनी टाचण्या खाली ठेवल्या, हाताची घडी घातली, आणि तोंडाला कुलूप लागलं.

अडलं होतं ते माझ्यामुळे. ही बाई जन्मभर हातांनी विचार करत आली होती आणि मी रोज तासभर तिचे हात बांधून ठेवत होते. मला भयंकर लाज वाटली. माझ्या वर्गात घडी घालून मुकी बसलेली पोरंही एकेक करून आठवू लागली.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "टाचण्या उचला, आणि मी आलेच नाही असं समजा."

उरलेले दिवस वर्ग त्यांच्या टेबलाशी भरला. मी टाचण्यांची डबी धरून उभी राहायचे आणि जमेल तितकं गप्प बसायचे. जमायचं थोडंच, पण बसायचे.

परीक्षेच्या दिवशी नातेवाइकांना मागच्या बाकावर बसू दिलं. समोर आठ मुली, बाजूला तीन परीक्षक. त्यांतल्या मोठ्या बाईंनी विहीणबाईंना खुर्चीत बसवलं आणि आधी स्वतःबद्दल थोडं सांगा म्हणाल्या. झालं! शिवणाचं टेबल पाच पावलांवर, आणि ह्या इथे रिकाम्या हातांनी. "आय," त्या म्हणाल्या, आणि पुढे काहीच नाही. एका परीक्षकाने पेन उचललं.

मग त्या उठल्या. कुणाला काही न विचारता टेबलाशी गेल्या, बाही हातात घेतली आणि म्हणाल्या, "आय विल टेल यू एव्हरीथिंग व्हाइल आय वर्क."

आणि सांगितलं की हो सगळं! कारखाना, बावीस वर्षं, बाहीचा गोल भाग चुणी न पडता कसा बसवायचा, सगळं एका ओघात. मुली बाकं सोडून टेबलाभोवती जमल्या. खांद्याकडची बाजू धरायला कुणीतरी हवं होतं. मुली लाजून एकमेकींना ढकलू लागल्या, तसं विहीणबाईंनी थेट माझ्याकडे बोट केलं. "यू. कम हिअर अँड होल्ड धिस."

जन्मात कुणाचा हुकूम न ऐकलेली मी, मुकाट्याने उठून गेले. धरलं, तर चुकीचं. पुन्हा धरलं, तेही चुकीचं. शेवटी त्यांनी माझी बोटं उचलून जागच्या जागी ठेवली आणि वर्गाकडे वळल्या. "इफ शी कॅन लर्न, एव्हरीबडी कॅन लर्न."

मुली खो खो हसल्या. मोठ्या परीक्षक बाईंना तर हसता हसता चष्मा काढावा लागला. डोळे पुसून त्यांनी बाही जवळून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि सोमवारपासून रुजू व्हा म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर मी विहीणबाईंना घट्ट मिठी मारली. मला रडू आवरेना. त्या मात्र माझी बोटं हातात धरून तपासत होत्या.

"हात फार जड आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून खाली येत जा. मी शिकवते."

सात वर्षांच्या सोयरिकीत त्यांनी मला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"येते गं," मी म्हटलं.