घरजावयाच्या उंचीचं मशीन

जपानमधल्या ताकायामात मुराकोशींचा दारं-खिडक्यांचा कारखाना आहे. काझुनोरी तिथे घरजावई म्हणून आला, त्याला अकरा वर्षं झाली. आपलं आडनाव सोडून त्याने सासऱ्यांचं लावलं, ते मुलगा नसलेल्या घराचा कारखाना चालू राहावा म्हणूनच. आणि काल डॉक्टरांनी बजावलं होतं, हे काम सोडा, नाहीतर कमरेचं ऑपरेशन टळत नाही.

सगळा घोळ रंधा मशीनचा. बायकोच्या आजोबांनी ते स्वतःच्या उंचीच्या बेताने जमिनीत बोल्टांनी पक्कं केलेलं, आणि आजोबा जेमतेम पाच फूट. काझुनोरी सहा फुटांचा ताड, दिवसभर त्यापुढे कमरेत मोडून उभा. पण नव्या वर्षाला ज्या मशीनवर मोचीचा, तांदळाच्या गोळ्यांचा, नैवेद्य ठेवून सगळं घर हात जोडतं, त्याला पाना लावायचा कोणी? घरजावयाने? छे.

सकाळी बायकोने, चिहारुने, त्याला भिंतीशी उभं करून टेप लावली.

"उंचीच्या निम्मं, वर पाच सेंटिमीटर. ओटा बसवताना दुकानदार असाच हिशोब करतात. तुला शहाण्णव हवं, मशीन आहे बहात्तर. बाबांना सांग."

"काय सांगू? आजोबांचं मशीन मला बुटकं पडतं?"

"अकरा वर्षं पाठ मोडून घेतलीस, आता एकदा तोंड उघड."

सासरे, तोकुझो, कारखान्यात चहा घेत होते. काझुनोरीने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांचंही. म्हातारबुवांनी त्याला शिडीवर चढवलं आणि माळ्यावरून चार जाड ठोकळे उतरवून घेतले.

"हे मशीनखाली घालायला कापले तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो," धूळ झटकत ते म्हणाले. "मीही इथला घरजावईच की. आणि तुझ्याएवढाच उंच."

त्यांची वाकलेली पाठ काझुनोरीने आजवर म्हातारपणाचीच समजली होती.

"मग बसवले का नाहीत?"

"सासऱ्यांना विचारायची छाती झाली नाही. पुढे सवय झाली."

"मला तरी सांगायचं, बाबा."

"तू कधी कुरकुरला नाहीस. म्हटलं, हा माझ्याहून सोशिक दिसतो."

बोल्ट गंजले होते, दुपार त्यातच गेली. जॅक लावून मशीन उचललं, तेव्हा चिहारु शहाण्णववर अडून बसली.

"ओट्यावर कांदे चिरतात, बाई," तोकुझो म्हणाले. "इथे फळी दाबायची असते, अंगाचा भार यायला हवा. अठ्ठ्याऐंशी."

ठोकळे बरोबर सोळा सेंटिमीटरचे होते.

काझुनोरीने फळी सरकवली. पाठ सरळ, खांदे सैल. दुसरी सरकवली, तिसरी सरकवली. कळ आली नाही. कारखाना सोडावा लागणार नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

तोकुझोंनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः उभे राहिले. कंबर काही सरळ झाली नाही. हात छातीपर्यंत उचलावे लागले.

"मला आता उंच होतंय," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. "हो पुढे. घे तुझी फळी."