व्हिटकोमबाईंचं पान

"दुसरी प्लेट कुणाला?" उत्तर ठाऊक असूनही सुमेधानं विचारलं.

"व्हिटकोमबाईंना," पद्माकरराव म्हणाले. "तुझी आई दर सर्वपित्रीला त्यांचं पान वाढायची."

"आई वाढायची, बाबा. मी नाही वाढणार."

मधुमतीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. अविधवा नवमी सोमवारी आली, शाळेतून सुट्टी मिळेना, म्हणून अमावस्येच्या रविवारी सुमेधा लंडनजवळच्या पिनरहून कॉव्हेंट्रीला बाबांकडे आली होती. आईचं पहिलं पान तिला स्वतःच्या हातानं वाढायचं होतं. एकच पान. निदान या दिवशी तरी आई तिला कुणाशी वाटून घ्यायची नव्हती.

आजवर वाटूनच घेतली होती. मिस व्हिटकोम दीडशे वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावात राहायची. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं तिनं अकरा वर्षं केलं. त्यांना कळू नये म्हणून पहिल्या तीन कादंबऱ्या नाव न घालता छापल्या. ते गेल्यावर आणखी तीन, स्वतःच्या नावानं. सेहेचाळिसाव्या वर्षी ती वारली, तेव्हा मागे रडायला फक्त मोलकरीण होती. तिच्या घराचं म्युझियम झालं आणि आठवड्याचे पाच दिवस नर्स म्हणून वॉर्डात उभी असणारी मधुमती शनिवारी तिथे जायला लागली. लिहायच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसायचं, येणाऱ्यांना बाईंची हकीकत सांगायची. सुमेधाच्या नेटबॉलच्या मॅच नेमक्या शनिवारी असत. संध्याकाळी आई विचारायची, "जिंकलात का गं?" आणि उत्तराची वाट न बघता बाईंकडे आज किती गर्दी होती ते सांगायला लागायची.

पुढे सुमेधा इंग्रजीची शिक्षिका झाली. त्या शतकातलं हाताला लागेल ते तिनं वाचलं, त्या सहा कादंबऱ्या सोडून. मुलांनी विचारलंच तर "ओव्हररेटेड" म्हणून ती मोकळी व्हायची.

घरातली खीरसुद्धा बाईंच्या आवडीची. त्यांना राइस पुडिंगवर जायफळ लागायचं म्हणे. सुमेधानं वेलचीचा हट्ट धरला की आई म्हणायची, "बाईंना जायफळच आवडतं, राहू दे." आज सुमेधानं मुद्दाम वेलदोडे कुटून घातले होते.

पातेल्यावरचं झाकण निघालं तसे बाबा थबकले. "वेलची?"

"ही खीर आईसाठी आहे. बाईंसाठी नाही."

बाबा स्टुलावर बसले. म्हणाले, "तुझ्या वेळी दिवस गेल्यापासून तुझ्या आईला वेलचीचा वास सोसायचा नाही. पुण्यात माझ्या आईपुढे कोण बोलणार? मुकाट्यानं गिळायची."

"आणि जायफळ?"

"तिला आवडायचं."

"बाईंना आवडायचं ना?"

"कुठे लिहिलंय? शनिवारी तिला म्युझियमला सोडून मी गाडीत बसून काय करणार? सहाही कादंबऱ्या वाचल्या, बाईंच्या पत्रांचं पुस्तक वाचलं. जायफळाचा कुठे शब्द नाही." ते किंचित हसले. "मी कधी बोललो नाही. स्वतःसाठी काही मागायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं गं. बाईंच्या नावानं बरोबर मागायची. आठवड्यात बसायला तेवढी एक खुर्ची होती तिला."

 पत्रांचं ते पुस्तक सुमेधानं एकदा जरी उघडलं असतं, तरी आईची लबाडी सापडली असती. ती बाबांना सापडली होती. इतकी वर्षं त्यांनी ती एकट्यानं जपली, याचाही तिला क्षणभर हेवा वाटला.

मग पातेलं बाजूला सारून तिनं मूठभर तांदूळ धुतले आणि नवं दूध तापत ठेवलं.

मसाल्याच्या डब्यात अर्धं जायफळ होतं. आईच्या हातानं किसून एका बाजूनं सपाट झालेलं. सुमेधानं त्याच बाजूनं ते बेतानं किसलं, दोन वाट्यांपुरतं.

मागच्या अंगणातल्या भिंतीवर तिनं दोन्ही प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या. बाबा मागून हळूच म्हणाले, "यातलं तुझ्या आईचं कुठलं?"

 सुमेधानं आत येऊन उरलेलं जायफळ, सपाट बाजू वर करून, डब्यात परत ठेवलं.