दगडावरचं क्लेनम

आमच्या गावचं नाव पाटीवर क्लेव्हरिंगहॅम असं लिहितात. लिहोत बापडे. तोंडाने आम्ही क्लेनमच म्हणतो. पाटी वाचून बोलतो तो कालपरवा आलेला, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मिस्टर पिंकनी तसलेच. निवृत्त होऊन लंडनहून आले आणि वर्षाच्या आत गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष! एकदा पबमध्ये चारचौघांत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "क्लेनम नव्हे हो पर्सी, क्लेव्हरिंगहॅम." जन्म इथे गेलेला माणूस तो! बिअर तशीच टाकून घरी आला. पुन्हा त्या पबात पाऊल ठेवलं नाही. मला फार लागलं ते.

मार्चमध्ये पर्सी गेला. थडग्याच्या दगडावर मला एवढंच हवं होतं: 'पर्सी लार्टर, क्लेनमचा'. पण चर्चच्या आवारात दगड बसवायला पाद्रीबाईंची परवानगी लागते, आणि आमच्या पाद्रीबाईंना स्वतःचं मत म्हणून नाहीच. त्यांनी पिंकनींना बोलावलं.

आले महाशय, काखेत फाइल मारून. "मूळ शब्द क्लोव्हर. म्हणजे गुरांचं गवत. त्या गवताच्या रानात राहणाऱ्यांची वस्ती."

"गवतच ना शेवटी? मग एवढा तोरा कशाचा?"

त्यांनी ऐकलंच नाही. "राजाच्या करवहीत क्लाफ्रिंगहाम. मठाच्या दप्तरात क्लेव्हेरिंगम. पुढे क्लॅव्हरनम. क्लेनम कुठेच नाही, मिसेस लार्टर. पुरावा नाही, तर दगडावर कसं घालणार?"

"एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. झोपेत लिहीत होते की काय मेले?"

"अहो, तेव्हा ठरलेलं स्पेलिंगच नव्हतं," पिंकनी कीव आल्यासारखे हसले. "कारकून यायचा, गावकऱ्याला नाव विचारायचा, कानावर पडेल तसं उतरवायचा."

"आणि तो तुमचा पुरावा?"

"अर्थात! अस्सल."

"मग विचारा की मला."

पाद्रीबाईंनी एकदा पिंकनींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन उचललं.

"गावाचं नाव काय, बेरिल?"

"क्लेनम."

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. "लिहायचं कसं?"

"ते मला काय विचारता? आम्ही नुसतं राहतो इथे. स्पेलिंगची हौस तुमची."