आईचा शहाणा अंगठा

आईचा उजवा अंगठा दिवसभर एकच काम करी. प्रयोगशाळेत पिपेटचे बटण दाबायचे, थेंब उचलायचा, नळीत सोडायचा. असे दोन हजार वेळा. बटण दोन टप्प्यांत दबते. पहिला टप्पा सोपा; पण शेवटचा थेंब बाहेर काढायला दुसरा टप्पा जोर लावून गाठावा लागतो. म्हणून संध्याकाळी अंगठा असा ठणके, की घरी बाटलीचे झाकण तिची आठ वर्षांची मुलगी टिचकी उघडून देई.

एके दिवशी कामाचा हातावरचा ताण तपासणारे मोजणीवाले आले. अंगठ्यावरचा जोर मर्यादेबाहेर गेला तर सगळ्यांना हलक्या बटणाची पिपेट मिळणार होती. नाहीतर ही ताठर पिपेट आणखी तीन वर्षे. त्यांनी आईच्या अंगठ्याला जोर नोंदवणारी मोजपट्टी चिकटवली, ती सकाळपर्यंत काढू नका म्हणाले, आणि रोजच्यासारखे काम करायला सांगून वही उघडून समोरच बसले.

तपासणीच्या दिवशी वर्ग कसा हाताची घडी घालून बसतो? आईचा अंगठा तसाच वागला. फुलाला हात लावावा तसे त्याने बटण दाबले. जाताना मोजणीवाले म्हणाले, अंगठा ठणठणीत दिसतोय.

घरी आईने कपाळावर हात मारून घेतला. टिचकीने एवढेच विचारले, की मग खरं कसं दाबतेस? कामातून काढून टाकलेली तसलीच एक पिपेट घरात होती. आई निळे पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये भरून दाखवू लागली. टिचकीने दुसरा ट्रे ओढला आणि चमच्याने भरायला घेतला.

"आई, तू हरतेयस."

"मी? बारा वर्षं हेच करतेय मी, कार्टे."

मग अंगठा सुटला. तासाभरात टेबल निळे, टिचकी निळी.

सकाळी मोजणीवाल्यांनी आलेख पाहिला. दिवसभर सपाट मैदान, संध्याकाळी सात ते आठ डोंगरच डोंगर. त्यांनी विचारले, संध्याकाळी दुसरीकडे नोकरी करता का? आईने खाली मान घालून सगळे सांगितले. ते बराच वेळ हसले. पण घरची नोंद चालत नाही, म्हणाले. जोर कामाच्या टेबलावरच दिसायला हवा.

म्हणून शनिवारी टिचकी चमचा घेऊन प्रयोगशाळेत आईसमोर बसली.

महिन्याभरात हलकी पिपेट आली. अहवालात वापरलेल्या साधनांची यादी आहे. त्यात मोजपट्टीच्या खाली लिहिले आहे: चमचा, एक. मुलगी, एक.